गावलो

वेंगुर्ला ठाणं. रात्रीचे पावणेतीन.
पंख्याला आवाज आहे, वारा नाही.
बाकावर मोतीराम कुबल, वय एकसष्ट,
मिठानं ताठरलेली चड्डी,
आणि मुद्देमालात एक कोयता,
मुठीला अजून निळ्या नायलॉनचा धागा.

पर्ससीनवाल्याचं जाळं कापलं म्हणून धरला.
जाळ्यातलं सुटलं, कापणारा सापडला;
एवढं लिहायला फॉर्मात जागा नाही.

जागा आहे ती याला:
‘अटकेची कारणे आरोपीस
त्यास समजेल अशा भाषेत समजावून सांगितली.’
मी माण तालुक्यातला. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं
आणि बोलणंही बेतानं.
वाचून दाखवलं. समजलं का, विचारलं.
म्हणाला, "मी गावलंय, ह्या समाजला.
कित्याक, ता सांगा."

गावणं. आठ वर्षं ऐकतोय.
बांगडो गावलो. चोर गावलो.
धुक्यात बंदराची वाट गावली.
शेजारणीच्या झिलाक नोकरी गावली.
आमच्याकडे आपलं धरणं:
बाजरी दाणा धरते, गुडघे धरतात,
बायको अबोला धरते.
आणि शाळेत मास्तर सांगायचे,
आकळणे म्हणजे आधी आवळून बांधणे,
समजणे हा अर्थ नंतरचा.
वीस वर्षं मी पहिल्या अर्थाचा पगार घेतोय.

अंगठा घेतला. शाई भरपूर,
कागदावर नुसता काळा गोळा, रेघ एक नाही.
पुन्हा घेतला. तेच.
"दोरयेन खाल्ल्यान," तो म्हणाला,
जणू शेजाऱ्याच्या बोटांबद्दल.
मनगट माझ्या हातातच राहिलं.
नाडी लागत होती. त्याची असावी.

"साहेबानू, त्या जाळ्यात काय होता, बगलास?
बोटाएवडी पिलां.
आज तीच भरून नेल्यानी
तर फुडल्या वर्साक काय गावतला?"

मी पेन उचललं. कारणांच्या रकान्यात
कलम होतं, तारीख होती, वेळ होती.
पेन तसंच धरून बसलो.

उरलं होतं ‘नातेवाईकांस कळवले’.
फोन लावायला उठलो तर
फाटकाशी दिव्याखाली ती बसलेली,
मांडीवर पेजेचा डबा, झाकण फडक्यानं बांधलेलं.
एक वाजल्यापासून, पहारेकरी म्हणाला.
कुणी सांगितलं, मी विचारलं.

"कोण सांगतलो?
होडी इली. हेंका सोडून इली.
दोन घटका वाटला, दर्यान नेल्यान.
मगे कोयतो दिसाक नाय,
तेवा जीव भांड्यात पडलो."