बंद न्हय

मे अखेरीला खोल्याच्या सड्यावर मीटर वाचणे म्हणजे
तापल्या तव्यावरून अनवाणी हिंडून
भाकऱ्या मोजणे.
मोटारसायकल फणसाखाली,
मशीन गळ्यात,
चिऱ्याच्या अकरा पायऱ्या चढून इनासीनच्या अंगणात.

मार्चमध्ये चारशे अकरा.
एप्रिलमध्ये चारशे अकरा.
आज चारशे बाराला अजून थोडे कमीच.
घरात माणसे तीन, कोंबड्या सात.
मशीन विचारते:
चालू, बंद, फुटलेला, घराला कुलूप?
मी ‘बंद’वर बोट नेतो.

“बंद न्हय रे,” ओसरीवरून आवाज येतो,
“सवकास चलता.”
भिरंडे फोडत बसलेली, कोपरापर्यंत लाल.
“लिही तसं.”
तसे लिहायला रकाना नाही.

मग तिने मला पाण्याच्या मागोमाग फिरवले.
तांदळाचे धुवण वाडग्यात थांबलेले,
ते बांगड्यांसाठी.
बांगड्यांचे माडाला,
“माडालाही नुस्तें लागतं, पोटभर.”
भांड्यांना राख, सोडणाचा काथा,
वर एक करवंटी पाणी. दुसरी मागायची नाही.
न्हाणीपासून चिऱ्यात कोरलेली बोटभर वाट,
वळणावर एक शिंपला.
तो आडवा ठेवला की पाणी अळवाकडे,
उभा ठेवला की केळीकडे.
“जुझे न्हातो तेव्हा केळीकडे.
साबण फार लावतो. अळवाला सोसत नाही.”

विहिरीत वाकून पाहिले.
तळाशी ताटाएवढे आभाळ.
“तिला रात्रभर निजू द्यायचं,
दुपारी उठवली तर चिखल देते.”

तिचे खोटे वाटले असे नाही.
पण साहेबांना काय दाखवू?
“मग पहाटे ये. चारला नळ येतो, दिवसाआड.”

गेलो.
का गेलो, हे बायकोला अजून पटवता आलेले नाही.
काळोखात तीन कळश्या, एक भाण,
आणि मीटरवर बॅटरी धरून इनासीन.
आधी नळ खोकला.
मग बारीक शिट्टी घालू लागला.
थेंब नाही,
आणि काचेखालची चांदणी गरगर सुटली.
वारा!
दोन दिवस नळीत कोंडलेला नुसता वारा
लिटर होऊन आकड्यात चढत होता.
बावीस वर्षे मीटर वाचतो आहे मी,
नेहमी दुपारी.

“म्हणजे पाणी याहूनही कमी,” मी म्हणालो.
“जाणा हांव,” ती म्हणाली.
“वाऱ्याचेही पैसे भरते. असू दे.
कपडे तोच सुकवतो.”

पाणी आले. करंगळीएवढे.
दोन कळश्या, मग तिसरी,
भाण अर्धेच भरले होते
तोच तिने नळ पिळून बंद केला.
“अजून येतंय,” मी म्हणालो.
“वरच्या वाड्यावर रुझारीन थांबलीय.
हितं ओढलं तर तिथं जोर पोचत नाही.”
आम्ही दोघे गप्प उभे राहिलो.
थोड्या वेळाने वर, अंधारात,
पत्र्याच्या बादलीचा तळ वाजला.

मशीनला आकडा दिला. त्याला तो रुचला नाही.
खात्री आहे का?
होय.
वापर फारच कमी. खात्री आहे का?
तेवढ्यात तिने पेलाभर पाणी पुढे केले,
विहिरीचे, गार, थोडे मातकट.
अर्धे प्यालो, आणि सवयीने
उरलेले अंगणात भिरकवायला हात वर गेला.
ती काही बोलली नाही.
एक कोंबडी मान वाकडी करून बघत होती.
हात खाली घेतला,
उरलेले सावकाश प्यालो,
तळाच्या मातीसकट.
मग दाबले, होय.