दिनविशेष

तेवीस वर्षं मी रोज संध्याकाळी
उद्या काय घडलं ते लिहीत आलो.
सीताबर्डीवर, जिन्याखालच्या टेबलाशी,
ज्याचा एक पाय जुन्या पंचांगांवर उभा आहे.

उद्याची तारीख एक जून.
दुपारी सेहेचाळीस होतं. कूलरमधला वाळा
भिजून भिजून आता वासालाही उरला नाही.
वही उघडली. तेच पान, तोच चहाचा डाग,
डागाखाली:
एकोणीसशे तीस, डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली.
एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पहिली एसटी, पुण्याहून नगरला.
जन्म: एक हिंदी नटी, एक अमेरिकन नटी,
दोघी देखण्या, दोघी लवकर गेल्या.
नागपुरात एक जूनला काहीच घडलेलं नाही.
निदान माझ्या वहीत नाही.

हरकरे साहेब म्हणाले, शेवटचा आहे जी तुमचा,
काहीतरी आपल्या गावचं टाका.

शेवटचा, कारण माझाही जन्म उद्याचाच,
आणि एक तारखेला जन्मलेला माणूस
हिशेबखात्याच्या नियमानं
आदल्या दिवशीच घरी जातो.

जन्म म्हणजे कागदावरचा.
माय सांगायची: मारबत गेली ना,
त्याच्या तिसऱ्या रोजी झालता तू,
मिलचा भोंगा अन् तुझं रडणं संगच.
कोणत्या सालची मारबत?
ज्या साली रेवनाथचा बैल मेला त्या सालची.

तांडापेठच्या शाळेत टेंभुर्णे गुरुजींनी
हे सगळं ऐकून घेतलं, बैलासकट.
टाक झटकला, खिडकीबाहेर पाहिलं
(माझ्यामागे एकतीस पोरं, तितक्याच माया,
आणि ऊन चढत होतं)
आणि लिहिलं, १ जून.
पौनीकरला १ जून.
यशोदा नंदनवार, नाग नदी घरात शिरली त्या रात्रीची,
तिला १ जून.
हसीनाच्या अब्बांना महिना, चांद, वार, सगळं पाठ.
गुरुजींनी मन लावून ऐकलं, मान डोलावली,
१ जून.
उरकुडा धकातेची आई बोललीच नाही.
तिला दिवस पक्का माहीत होता,
त्याच दिवशी त्याचा बाप गेला होता.
रांगेतल्या कोणीतरी ते हळू आवाजात सांगितलं.
टाक थोडा वेळ दौतीतच राहिला.
मग तिच्याकडे न बघता
गुरुजींनी लिहिलं, १ जून,
आणि त्याच्यावर टिपकागद
जरा जास्तच वेळ दाबून धरला.

हे कुठे टाकायचं? घटनांत? जन्मांत?
जन्मांत टाकलं.
‘तांडापेठ, नागपूर. एका शिक्षकाने
एका सकाळी बत्तीस मुलांना जन्म दिला.’
सालाची जागा मोकळी सोडली.
दोनदा वाचलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा
कुठल्याही ग्रंथात ताडून पाहिलं नाही.

रात्री पान लागताना कूलरची जाहिरात आली,
तीन कॉलम, पंधरा सेंटीमीटर.
संगणकावरच्या पोरानं विचारलं,
काका, काय कापू? नागपूर की एसटी?
म्हटलं, एसटी काप.
ती पुढच्या वर्षी पुन्हा सुटते.
मग किल्ल्या दिल्या, वही दिली,
डागाचं पान त्याला दाखवून ठेवलं.

सकाळी पहिला संदेश बँकेचा, दुसरा विम्याचा.
तिसरा फोन पौनीकरचा:
हॅपी बर्थडे बे.
तुलाही.
पेपर पाहिला. कायले छापलं बे असं,
माझी नात विचारते, तुमची आई कोण मग?
बराच वेळ हसला, मग खोकला.
आम्ही आता एकोणीस उरलो.
मग म्हणाला, उरकुड्याला लावला का फोन?
भाद्रपदात त्याला कोणी लावत नाही,
तो त्या दिवशी अंबाझरीला जाऊन बसतो.

लावला. व्यस्त होता.
अर्ध्या तासानं लावला, तरी व्यस्त.
साडेदहा वाजले. ऊन ओट्यावर चढलं.
अजून व्यस्तच आहे.