वेगळा डबा

डेलमर, तुझे चाकू टेबलावर मांडलेत.
खाली जुना टॉवेल, खिडकीबाहेर केंटकीतला नोव्हेंबर,
खाणीच्या रस्त्यावर आता ट्रकही चुकूनच.

शनिवारी नॉक्सव्हिलहून माणूस येणार आहे.
फोनवर म्हणाला, बाई, काही घासू नका,
काळेपणालाच तर किंमत असते.
म्हटलं, काळेपणा कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो
ते मला शिकवू नका,
चाळीस वर्षं कोळशाचे कपडे धुतलेत मी.

एकेक पातं उघडते.
सांध्यांत तुझे खिसे निघतात: तंबाखू, लोकर,
एकात पिवळ्या पेन्सिलीचं साल.
दातकोरणं. तेलाचा थेंब. बनियनचं फडकं.
पुसायचं ते पाठीकडून.
हे तू सांगितलं नव्हतंस,
माझ्या अंगठ्यानंच एकदा सांगितलं.

तू गेलास त्या सप्टेंबरात
व्हरांड्याच्या फळीवर तंबाखूचा डबा सापडला.
आत एकच चाकू, मूठ हिरवी-पिवळी, भोवरे उठलेली.
रॉस्कोचा.
संपाच्या वर्षी तो गेटातून आत गेला
आणि तू त्याचं नाव घेणं सोडलंस.
मला वाटलं, रागच हा. भावाला नाही तर
भावाच्या चाकूला तरी घराबाहेर काढलं.

किती हिवाळे एकट्यानं काढायचे त्यानं?
मी त्याला आत आणलं,
मखमलीच्या गुंडाळीत मधोमध झोपवलं,
तुझ्या वडिलांच्या चाकूला खेटून,
आणि पट्टा आवळला.

एप्रिलमध्ये सोडला तर वास आला,
छातीला चोळायच्या मलमाचा,
त्यामागून आंबट काहीतरी.
मूठ ओल्या साखरेसारखी भुगा झालेली.
आजूबाजूचे सहा लाल, फोड आलेले.
वडिलांचा सगळ्यात जास्त.

हार्डवेअरच्या दुकानातला एझ्रा लांबूनच म्हणाला,
सेल्युलॉइड. म्हातारं झालं की श्वास सोडतं,
श्वासात आम्ल असतं.
त्याच्याजवळ कुणाला ठेवायचं नसतं,
आणि कोंडायचं त्यालाही नसतं.

घरी येऊन डब्याचं झाकण उजेडात धरलं.
खिळ्यानं पाडलेली भोकं.
अकरा.
कडा आतून कानशीनं घासलेल्या,
उघडताना बोटाला लागू नयेत म्हणून.

मग उन्हाळाभर त्या सहांना तेलात भिजवून
तांब्याच्या नाण्याच्या कडेनं खरवडत बसले.
वडिलांच्या पात्यावर खड्डे राहिलेत.
राहू देत. तो माणूस भाव पाडेल.
पाडू दे.

त्याला एकशे अकरा सांगितलेत.
व्हरांड्यातला मोजलेला नाही.
रॉस्कोची मुलगी ओहायोत असते म्हणे,
पत्ता एझ्राकडे असेल.
पण टपालात घालायचा कसा,
भोकं पाडलेला डबा?

पुढचा चाकू उघडत नाहीये.
सांध्यात आणखी एक थेंब सोडते,
आणि थांबते.