तरवडाचा वाफा

नळदुर्गच्या किल्ल्यात, पाणीमहालाकडे उतरताना
वाटेच्या कडेला सात वाफे आहेत.
माझे म्हणू नयेत,
पण एकवीस वर्षं मीच पाणी घातलंय त्यांना,
टँकरच्या पाइपाला अंगठा लावून
धार फोडत.

आंध्रातून ट्रकनं यायची रोपं,
काळ्या पिशव्यांत,
जिभेवर न बसणारी नावं घेऊन.
मार्च लागला की पेटुनिया मान टाकायचा.
लॉन तर घरजावई :
दोन वेळ पाणी,
आणि अंगावर कुणी पाय देऊ नये.
त्याच्यासाठी उकिडवा बसून मी खुरपायचो
कुर्डू, आघाडा, टाकळा, दुधाणी,
निळ्या डोळ्याची शंखपुष्पी.
पोत्यानं उपटलं.
तटावरून खाली बोरीत ओतलं.
दरसाल ते परत यायचं.
दरसाल मीही.

या चैत्रात उदगीरच्या कॉलेजातल्या
संयोगिता मॅडम आल्या, हातात कागद.
‘मैनोद्दीनभाई, आता हे लावायचं.’
मी चष्मा पुसून वाचलं.
माझ्या पोत्याचीच यादी होती ती.
वर फक्त तरवड, कोरांटी आणि पवन्या गवत
जास्तीचं.

पहिला वाफा खणला.
प्लास्टिकची जाळी निघाली, गुटख्याच्या पुड्या,
लहान पोराची एक चप्पल,
आणि लॉनखालची लाल माती,
कुठूनशी विकत आणलेली,
आमच्या काळीत पाहुणी आली ती मुक्कामालाच राहिली.
त्याच्याही खाली मुरूम.
कुदळ ठणकली, तसा ओळखीचा वाटला.

बी आणलं तांड्यावरच्या झिमाबाईनं,
फडक्याच्या अकरा गाठींत अकरा जाती.
किती द्यायचे, विचारलं
तर हसू आवरेना तिला, डोळ्यांत पाणी आलं.
‘रानाचं बी सरकार इकत घेतंय?
मंग ह्यो समदा माळ मोजा की!’
पैसे मात्र मोजून घेतले. बरोबरच केलं.

ठेकेदार येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.
‘हे तर पडीक दिसतंय.
बिलात काय लिहू?’

सगळं काही जगलं नाही.
धायटीनं जीव धरला नाही.
पाचवा वाफा बकऱ्यांनी एका दुपारी संपवला,
त्या बकऱ्या माझ्या चुलतभावाच्या,
म्हणून तो विषय मी वाढवला नाही.

भाद्रपदात धरण भरलं,
नर आणि मादी दोन्ही धबधबे कोसळायला लागले,
तुषार वाफ्यापर्यंत येत होते.
कुर्डूला गुलाबी शेंडे फुटलेले.
माझा हात आपसूक खाली गेला,
बोटांनी मान पकडली,
ओढणारच होतो मुळासकट.
कितीतरी वेळ तसाच वाकून राहिलो.
एकवीस वर्षांचा हात,
एका पावसात किती शिकणार?

फोटो काढणारे विचारतात, बाग कुठंय?
मी सांगतो, पायाखाली बघा,
बागेतच उभे आहात.
काही जण बघतात.

तरवड मात्र पिवळाधमक झाला.
माझे आजोबा त्याच्या सालीत
मोटेचं कातडं कमवायचे,
घराला त्याचाच वास असायचा, तुरट, ओला.
मोट गेली, आजोबा गेले,
झाड कुठं गेलं ते कुणी विचारलं नव्हतं.

मग अश्विन आला.
घट बसायच्या दिवशी, उजाडायच्या आत
गावातल्या चार बाया पाटीजवळ थांबल्या.
‘फुले तोडू नयेत’,
अक्षरं माझीच, दोन वर्षांपूर्वीच्या तेलरंगातली.
एकीनं विचारलं, भाऊ, माळेपुरती घेऊ का?
एवढ्या वर्षांत या वाफ्यातलं फूल
कुणी देवासाठी मागितलं नव्हतं.

मी काही बोललो नाही.
पाइप गुंडाळायला घेतला,
आणि नऊ दिवस, रोज सकाळी,
त्या वेळेला
नदीकडं तोंड करून उभा राहिलो.