उपयोगिता प्रमाणपत्र

प्रमाणित करण्यात येते की
मंजूर रक्कम रुपये तीन लाख चाळीस हजार
ज्या कामासाठी मिळाली त्याच कामासाठी वापरली.
खाली माझी सही हवी आहे. कॉलेजचा शिक्का
आधीच मारून ठेवलाय, जरा तिरका.

पदक वेगळं. ते हैदराबादला मिळालं,
निळ्या मखमलीच्या डबीत.
मानपत्रात साक्रीचं साखरी झालंय
आणि एक वाक्य आहे:
डाइकच्या भिंतीमागे अडलेलं भूजल
यांनी प्रथम दाखवून दिलं.

प्रथम.

बुराईच्या काठी मी जीपमधून उतरले तेव्हा
एप्रिल होता, हातोडा नवा होता,
आणि त्या काळ्या भिंतीवर बसून
हिलाल मालचे शेळ्या राखत होता.
भिंत म्हणजे, साडेसहा कोटी वर्षांमागे
जमीन तडकली, तड्यात लाव्हा उभाच थिजला,
भोवतालचा खडक झिजून गेला, हा राहिला,
कोसन् कोस सरळ,
भावाभावांत वाटणी होऊन बांध पडावा तसा.
(पेपरात मी हे बरंच रुक्ष लिहिलंय.)
तो म्हणाला, "राकसनी पाळ शे ही.
पानी आलीकडे शे, पल्याड न्ही."
मी वहीत नोंदलं: स्थानिक दंतकथा.

मग अकरा वर्षं.
चौसष्ट विहिरी, वर्षातून चार फेऱ्या.
मी टेप सोडायच्या आधी तो खडा टाकायचा,
मान कलती करून ऐकायचा,
"अठरा हात."
टेप ओली होऊन वर यायची: आठ मीटर वीस.
त्याचे आकडे मी समासात मांडत गेले, पेन्सिलीनं,
पहिली दोन वर्षं निव्वळ गंमत म्हणून.
तिसऱ्या वर्षी टेप तुटली.
नवीसाठी तीन कोटेशनं लागतात,
ती जमेपर्यंत पाणी थांबत नाही,
म्हणून दिवाळीनंतरची अख्खी फेरी
खड्यावर झाली.
तो तक्ता छापून आलेला आहे. तक्ता क्रमांक चार.
पद्धत: पोलादी टेप.
परीक्षकांनी नेमकी त्याचीच तारीफ केली.

आता खर्चाच्या रकान्यांत हिलालदादाला बसवायचं
तर जागा एकच:
अकुशल मजुरी, दिवस दोनशे बारा.
मी त्यातला अ खोडला.
अकाउंट्सच्या बोरसेंनी फॉर्म परत पाठवला.
खाडाखोड चालत नाही, मॅडम,
कुशलचा दर वेगळा, त्याला दाखला लागतो,
आयटीआयचा असला तरी चालेल.

परवा डबी घेऊन गेले त्याच्याकडे.
कळण्याची भाकरी झाली, वर कच्चं तेल, कांदा.
हात धुवून त्यानं पदक घेतलं,
उलटं केलं, वजन पाहिलं,
आणि उठून विहिरीकडे चालू लागला.
क्षणभर वाटलं, टाकतो की काय.
वाटलं, टाकू दे.
कठड्यापाशी उजेड बरा होता, एवढंच.
नखानं वाजवून कानाशी नेलं त्यानं.
"पोकळ न्ही," म्हणाला. "चांगलं शे."
डबीत ठेवताना मखमलीतला तो गोल खड्डा
आधी बोटानं चाचपून पाहिला.

तक्ता चारबद्दल मी काहीच बोलले नाही.
बोलायचंच म्हणून गेले होते.

"पुढली फेरी कव्हय?" त्यानं विचारलं.
म्हटलं, दादा, पैसे संपले. पदक मिळालं की
प्रकल्प संपला असं धरतात.
तो शेळीच्या पायातला काटा काढत होता,
वर न बघता म्हणाला,
"खडा सरनात का?"

संपादकांना लिहिलेलं पत्र पर्समध्ये आहे,
दोन ओळींचं, दुरुस्ती म्हणून.
साक्रीच्या स्टँडसमोर टपालपेटी आहे,
बस तिच्यापुढेच वीस मिनिटं उभी होती.

फॉर्मवर शेवटचा रकाना: शिल्लक.
इथे निरंक लिहायचं असतं.
बोरसेंचा दोनदा फोन येऊन गेला.