पुढचं चाक

दुसरी पाळी सुटते बाराला.
अक्कलकोट रोडवर लूमचा खडखडाट
कानातून उतरलेला नसतो,
हॉर्न मला उशिरा ऐकू येतो.
सगळी भिस्त डोळ्यांवर.

राजमणीनं जॅकेटच्या पाठीवर
चमकती पट्टी शिवलीय,
चादरीचा काठ शिवावा तशी, दुहेरी दोऱ्यानं.
म्हणाली, पाठीला डोळे नसतात,
दुसऱ्याच्या डोळ्यांत तरी खुपू दे.

पण परवा शांती चौकात एकानं
सरळ माझ्याकडे बघितलं, कानाला फोन,
आणि घातलीच गाडी.
नजरेत होतो मी त्याच्या.
हिशेबात नव्हतो.

तेव्हापासून चेहरे वाचत नाही.
थांबलेल्या गाडीचं पुढचं चाक बघतो.
बोटभर वळलं
की माझी दोन बोटं ब्रेकवर.
सूत तुटायच्या आधी जरासं सैल पडतं,
हे कुणी शिकवावं लागत नाही
वीस वर्षं मागावर उभ्या माणसाला.

पुढे उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही,
अंधारच अंधाराला ओढत चाललेला.
मी मागेच राहतो.
उशीर झाला तर झाला.

दारात गाडी लावताना
राजमणी बॅटरी मारते पाठीवर.
‘चमकतंय अजून,’ म्हणते,
‘हात धू, आमटी गरम करते.’