पाचवं

पर्वरीच्या शोरूममधल्या मुलानं डिकीचा गालिचा उचलून दाखवला:
एक डबी फेसाची, एक पंप मुठीएवढा,
आणि जिथं स्टेपनी असायची तिथं
नुसतं स्वच्छ काळं थर्माकोल.
‘आता लागत नाही, सर,’ तो म्हणाला,
लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ लिहितात
त्या सुरात.

मी मान डोलावली. गाडी घेतली.
आणि तिसऱ्या दिवशी कुडचड्याला जाऊन
त्याच मापाचं चाक मागितलं, रिमसकट.
इनासनं तोंडात धरलेला नट काढून विचारलं,
‘मास्तर, तुमी हें खंय दवरतले?’
खरंच, कुठं?
डिकीत उभं राहीना, आडवं मावेना.
शेवटी तिरकं, जुन्या चादरीत गुंडाळून,
सुंभानं बांधलं.

सुलक्षानं हिशेब मांडला:
सतरा किलो, म्हणजे चार्जमागे तीनेक किलोमीटर कमी,
आणि भाजीच्या पिशव्या कायमच्या तिच्या मांडीवर.
मी म्हटलं, नेत्रावळीच्या पुढे रेंज नसते.
कुठली, मोबाईलची की गाडीची?
मी म्हटलं, दोन्ही.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.
अकरा वर्षं मी तासिकेवर शिकवलं,
सांगे, केपे, धारबांदोडा,
कुणाची बाळंतपणाची रजा, कुणाचं मूतखड्याचं ऑपरेशन,
कुणी जनगणनेला गेलेलं.
वर्गात शिरलो की मुलं विचारायची,
बाई कधी येणार?
आणि बाई यायच्या. नेहमी यायच्याच.
खडू पेटीत ठेवायचा, दुपारची कदंबा पकडायची.

गाडी इतकी गप्प, की तेवढंच ऐकू यायचं:
वळणावर मागे धप्प,
कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखं.
दोन वर्षं. एक खिळासुद्धा नाही.
दसऱ्याला चौघांखाली लिंबू,
त्याला झेंडूचं एक फूल.

मग एप्रिलमध्ये, रिवणच्या पुढे,
सडल्या काजूबोंडांचा वास जिथं रस्त्यावर येतो,
माझ्याच मॉडेलची लाल गाडी, मागून डावीकडे बसलेली.
ट्रकमधून पडलेल्या चिऱ्यानं टायर कुशीत फाडलेला.
डबी रिकामी, फेस सगळा डांबरावर,
कुणी दाढी अर्धी टाकून उठून गेल्यासारखा.
आत क्लेमेंतिन, काचा बंद, एसी अठरावर,
मागच्या सीटवर लग्नाचा केक, तीन मजली.
काच बोटभर खाली झाली:
‘चोवीस टक्के उरलेत. दार उघडू नका, आयसिंग उतरतंय.’

मी सुंभ सोडलं.
गाडीच्या पोटात सगळी बॅटरी; जॅक कुठं लावायचा
ते पुस्तिकेत शोधत, उकिडवा, चष्मा घामानं घसरत.
पाच नट. पाचवा जरा अडला.
वरचा केक हलला नाही, असं ती म्हणाली.
फटीतून दोन बोटं बाहेर आली, साखरेनं पांढरी,
‘आयतारा हाडून दितां, मास्तर.’
गेली.

तीन आयतवार गेले.
सुलक्षानं डिकीत भाजी ठेवली, काही बोलली नाही.
चादर दोनदा भिजवली;
तिच्यावरचं वर्तुळ तेवढं निघालं नाही.

परवा केप्याच्या बाजारात ती लाल गाडी दिसली,
मासळीवाल्यांच्या ओळीपलीकडे.
वाकून पाहिलं. मागचं डावं चाक,
व्हॉल्व्हला मी बसवलेली पिवळी टोपी,
खाचांत तांबडी माती, खडी, कसलीशी साल,
बाकी तिघांइतकंच मळलेलं.
कायमची ऑर्डर निघाली होती बहुतेक.
क्लेमेंतिन दुकानात अंडी मोजून घेत होती, ओठ हलवत.
हाक मारणार होतो.
म्हटलं, राहू दे, मोजणं चुकेल.

परतताना वळणं तीच.
मागे काही वाजलं नाही.
कुडचड्यात इनासचं दुकान लागलं, उघडं होतं.
मी इंडिकेटर दिला,
बंद केला,
मग पुन्हा दिला.